क्लाउडचं बिल की ऑफिसातला सर्व्हर? आकडे देतोय, मत द्या

गाळा नंबर नऊ | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, आज अडचण घेऊन आलोय.

आम्ही बारा जण. लोअर परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत गाळा आहे, तिथून डायग्नोस्टिक सेंटरांसाठी सॉफ्टवेअर चालवतो. एक्स-रे, सोनोग्राफी, थोडं सीटी. सेंटरवर काढलेली इमेज आमच्याकडे येते, रेडिऑलॉजिस्ट घरून बघतात, रिपोर्ट लिहितात, पेशंटला लिंक जाते. मुंबई, ठाणे, पनवेल मिळून ३१ सेंटरं. सगळं क्लाउडवर, म्हणजे मोठ्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर, त्यांच्या मुंबई रिजनमध्ये (मुंबईतल्या डेटा सेंटरांत).

गेल्या महिन्याचं बिल जीएसटी धरून ३ लाख ४० हजार. दोन वर्षांपूर्वी सेंटरं २४ होती आणि बिल दीड लाखाच्या आत होतं. आमचे सर म्हणतात, वर्षाला चाळीस लाख भाडं भरण्यापेक्षा दोन चांगले सर्व्हर घेऊ आणि मागच्या फायलींच्या खोलीत एसी लावून ठेवू. ते स्वतः लॅमिंग्टन रोडला जाऊन कोटेशन घेऊन आले. दोन सर्व्हर, स्टोरेज बॉक्स, यूपीएस, एसी, सगळं मिळून १४ लाख. म्हणजे पाच महिन्यांत वसूल.

कागदावर मला यात चूक सापडत नाहीये आणि तरी रात्री झोप लागत नाहीये. पुढच्या सोमवारी त्यांना उत्तर द्यायचंय. ज्यांनी हे केलंय किंवा करून परत फिरलेत, त्यांनी लिहा.

कांदेपोहे | सोमवार, रात्री ९:५५

आधी बिलाची फोड टाका. नुसतं तीन चाळीस म्हणजे "घरखर्च फार वाढलाय" म्हणण्यासारखं झालं. दूध किती, औषधं किती, मुलांच्या क्लासची फी किती, हे कळल्याशिवाय सल्ला काय देणार?

पार्ले पूर्व | सोमवार, रात्री १०:१५

बिनधास्त करा. आमची छोटी कंपनी पाच वर्षांहून जास्त काळ स्वतःच्या सर्व्हरवर चालतेय. प्रॉक्समॉक्स (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस, झॅबिक्स लावलंय देखरेखीला. महिन्याचं बिल बघून पोटात गोळा येणं बंद झालं.

आणि हे आमच्यासारख्या लहानांचंच नाही. बेसकॅम्पवाल्या ३७सिग्नल्सने २०२२च्या ऑक्टोबरमध्ये क्लाउड सोडतोय म्हणून जाहीर केलं. त्या वर्षी त्यांचा क्लाउडचा खर्च ३२ लाख डॉलर होता. डेलचे सर्व्हर घेतले आणि २०२३मध्ये बहुतेक ॲप्स बाहेर काढली. ड्रॉपबॉक्सने तर त्याही आधी स्वतःची यंत्रणा उभारून दोन वर्षांत साडेसात कोटी डॉलरच्या आसपास वाचवले, त्यांच्या शेअर विक्रीच्या कागदपत्रांतच ते आहे.

वडाळ्याची | सोमवार, रात्री १०:५०

पार्लेदादा, दोन्ही उदाहरणं खरी आहेत, पण अर्धी सांगितलीत. ३७सिग्नल्सकडे आधीपासून भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये जागा होती, स्वतःची ऑपरेशन्सची टीम होती. ती टीम तेवढीच ठेवून ते बाहेर पडले. त्यांनी फायलींच्या खोलीत एसी लावला नव्हता. ड्रॉपबॉक्सचा तर धंदाच साठवणुकीचा. आणि उलट दिशेचं उदाहरणही आहे. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये २००८च्या ऑगस्टमध्ये डेटाबेस बिघडला, तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. तिथून क्लाउडकडे जायला सुरुवात केली ती २०१६च्या जानेवारीत संपली.

गाळा नंबर नऊ, तुम्हाला माझा एकच प्रश्न. रात्री अडीचला डिस्क गेली तर उठून लोअर परळला कोण जाणार? तुम्हीच असाल तर राहता कुठे? माझे यजमान पाच वर्षं हे करत होते. मुलीच्या बारशालाही फोन खिशात होता आणि तो वाजलाही. तुमच्या सरांच्या चौदा लाखांत ही ओळ कुठेच नाहीये.

गाळा नंबर नऊ | सोमवार, रात्री ११:२०

ताई, मी डोंबिवलीला राहतो. शेवटची लोकल गेली की सकाळपर्यंत काही नाही.

कांदेपोहे, ही घ्या फोड. जीएसटी वगळून २ लाख ८८ हजार:

सर्व्हर १ लाख १० हजार (त्यात टेस्टिंगचे ३८ हजार). डेटाबेस, दोन झोनमध्ये (एकाच रिजनमधल्या दोन वेगळ्या जागी), ६२ हजार. इमेजेसचं स्टोरेज १८ टीबी, ४० हजार. डिस्क आणि स्नॅपशॉट (डिस्कच्या साठवलेल्या प्रती) २६ हजार. बाहेर जाणारा डेटा २३ हजार. नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरना बाहेर इंटरनेटवर जायचं दार) २२ हजार. लॉग वगैरे ५ हजार.

जुना खेळाडू | मंगळवार, सकाळी ६:३०

फायलींची खोली वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला तो दिवस. मी तेव्हा कुर्ल्याला एका ऑफिसात सिस्टिम सांभाळायचो, तळमजला. सर्व्हरची रॅक आम्ही फूटभर चौथऱ्यावर घेतली होती. यूपीएसच्या बॅटऱ्या मात्र जमिनीवर, कारण त्या जड आणि चौथऱ्यावर मावत नव्हत्या. पाणी आलं ते आधी बॅटऱ्यांत शिरलं. दिवे गेले, पाण्यातून चरचर असा आवाज यायला लागला आणि मी पोरांना ओरडलो की कोणी खाली पाय ठेवू नका. आम्ही तिघं टेबलांवर. बॅकअपच्या नऊ टेपा होत्या. त्या आमच्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यांत घातल्या, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळली. मेन स्विच पाडून अंधारात कमरेएवढ्या पाण्यातून जिन्यापर्यंत गेलो आणि पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंकडे त्या ठेवल्या. त्यांनी आम्हाला चहा दिला, कोरडे टॉवेल दिले, रात्रभर बसू दिलं.

सर्व्हर गेला, टेपा वाचल्या. पण त्या वाचायला ड्राइव्ह कुठे होता? तोही पाण्यात गेलेला. तसाच दुसरा मिळायला अकरा दिवस लागले. अकरा दिवस डेटा डब्यात होता आणि कामाचा नव्हता.

क्लाउड घ्या नाहीतर घरचा सर्व्हर घ्या. माझं म्हणणं एवढंच की बॅटऱ्या जमिनीवर ठेवू नका आणि बॅकअप वाचायचं यंत्र बॅकअपच्याच खोलीत ठेवू नका.

भरती-ओहोटी | मंगळवार, सकाळी ८:०५

काका, अंगावर काटा आला. त्या दिवशी माझे बाबा अंधेरीहून चालत घाटकोपरला आले होते, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले.

नाईट शिफ्ट | मंगळवार, सकाळी ९:१०

फोड बघितली. बाकीचं नंतर, मला नॅट गेटवेच्या २२ हजारांविषयी बोलायचंय. रोज रात्री मी अशीच बिलं बघतो, त्यामुळे त्या ओळीवर डोळा थांबलाच.

नॅट गेटवेचे पैसे दोन प्रकारे लागतात, तासावर आणि जीबीवर. दोन गेटवेंचं तासाचं भाडं महिन्याला सात हजारांच्या आसपास पडतं. मग उरलेले पंधरा हजार कशाचे? तेवढ्या पैशांत साधारण ३ टीबी डेटा त्यातून जातो. तुमचे सर्व्हर बाहेरच्या जगाशी ३ टीबी बोलण्याचं काहीच कारण नाही. माझा अंदाज असा की तुमच्या इमेजेस सर्व्हरवरून स्टोरेजमध्ये जाताना-येताना गेटवेतून फिरून जातायत. दोन्ही एकाच रिजनमध्ये, पण रस्ता टोलनाक्यावरून काढलाय. स्टोरेजसाठी वेगळा गेटवे एंडपॉइंट, म्हणजे आतला थेट रस्ता, जोडता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. राउट टेबलमध्ये, म्हणजे रस्त्यांच्या यादीत, एक ओळ.

आज ऑफिसात गेल्यावर बघा आणि इथे सांगा.

गाळा नंबर नऊ | मंगळवार, दुपारी १:३५

नाईट शिफ्ट, पायाचा फोटो पाठवा, नमस्कार करतो. अगदी तेच निघालं. महिन्याला नवीन इमेजेस ५०० जीबीच्या आसपास येतात, पण प्रत्येक इमेज आधी स्टोरेजमध्ये जाते, मग छोटी प्रत बनवायला बाहेर येते, मग कॉम्प्रेस करायला, मग रिपोर्टमध्ये लावायला. पाच-सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीला टोल. अडीच वर्षं भरतोय. एंडपॉइंट जोडायला चहा गार व्हायच्या आत काम झालं.

वडाळ्याची | मंगळवार, दुपारी २:१०

आता टेस्टिंगचे ३८ हजार बघा. महिन्याचे ७३० तास होतात. तुमची माणसं सहा दिवस, बारा तास धरली तरी सव्वातीनशेच्या पुढे जात नाही. रात्री नऊला बंद, सकाळी नऊला चालू, असं शेड्युल लावा. फक्त टेस्टिंगचा डेटाबेस थांबवलात तर सात दिवसांनी तो आपला आपण पुन्हा सुरू होतो हे ध्यानात ठेवा. सणाच्या सुट्टीत हमखास होतं.

डिस्क जुन्या पिढीच्या असतील तर नव्या पिढीच्या करा, जीबीमागे वीस टक्के स्वस्त पडतात आणि चालू मशीनवर बदलता येतात. शिवाय काढून टाकलेल्या मशीनच्या डिस्क तशाच पडून असतात, त्यांचं भाडं चालू असतं.

पार्ले पूर्व | मंगळवार, दुपारी ३:००

म्हणजे बघा, क्लाउडचं बिल कमी करायलासुद्धा एक जाणकार माणूस लागतोच. मग तोच माणूस स्वतःचा सर्व्हर का नाही बघणार? "माणूस लागेल" हे फक्त आमच्याच बाजूला का मोजता?

वडाळ्याची | मंगळवार, दुपारी ३:२०

हा मुद्दा रास्त आहे, मान्य करते. माणूस दोन्हीकडे लागतो. फरक इतकाच की बिल तपासणारा माणूस सोमवारी सकाळी तपासतो, डिस्क बदलणारा पहाटे बदलतो.

रॅकवाला | मंगळवार, रात्री ११:४५

ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये नाईटला आहे, आत्ता राउंड मारून आलो. सकाळपासून धागा वाचतोय. तुमच्यात दोनच पर्याय चाललेत, क्लाउड आणि ऑफिस. मधला पर्याय आहे, कोलो. सर्व्हर तुमचा, जागा आमची. तुम्ही युनिटवर (रॅकमधल्या खणावर) किंवा अर्ध्या रॅकवर जागा घेता, विजेचं केव्हीएवर, म्हणजे राखून ठेवलेल्या वीजक्षमतेवर, भाडं देता. दोन वेगळ्या बाजूंनी येणारा पुरवठा, जनरेटर, डिझेल, थंडावा, गेटवर माणूस, हे सगळं त्यात येतं. नवी मुंबईचा ऐरोली, रबाळे, महापे हा पट्टा याच कामाने भरलाय.

पण तिथेही न दिसणारे खर्च आहेत ते सांगतो. इंटरनेटवाल्याची तार तुमच्या रॅकपर्यंत आणायची, तिला क्रॉस कनेक्ट म्हणतात, तिचं दरमहा वेगळं भाडं. आमच्या माणसाने तुमच्या मशीनला हात लावायचा असेल तर रिमोट हँड्स, तासावर. करार बहुधा किमान वर्षाचा.

आणि हात लावण्याची गोष्ट. गेल्या पावसाळ्यात एका ग्राहकाचा फोन, "स्लॉट चारमधली डिस्क काढा." मी रॅकसमोर गेलो तर पिवळा दिवा पाचवर लुकलुकतोय. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजणी शून्यापासून, आमच्या पेटीवर एकपासून. मी डिस्कला हात न लावता फोटो काढून पाठवला आणि विचारलं. पलीकडे बराच वेळ शांतता, मग म्हणाले, "देवासारखे विचारलंत." चार काढली असती तर रेड (अनेक डिस्क मिळून डेटा सांभाळायची रचना, जी एक डिस्क गेली तरी तगते) गेलं असतं. तेव्हा सर्व्हर कुठेही ठेवा, डिस्कच्या ट्रेवर सीरियल नंबरची चिठ्ठी चिकटवा, बाहेरून वाचता येईल अशी.

कांदेपोहे | बुधवार, सकाळी ८:५०

रॅकवाला, तुमच्यासारखी माणसं रात्री जागतात म्हणून आमचे पोहे सकाळी वेळेवर होतात. चिठ्ठीची युक्ती आजच आमच्या घरच्या छोट्या सर्व्हरला केली.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ११:३०

मी सीए आहे, मशीनमधलं मला कळत नाही, पण तुलना कशी मांडायची ते सांगतो.

एक, जीएसटी बाजूला काढा. तुम्ही सॉफ्टवेअरची सेवा विकता, त्यावर कर लावता, तर क्लाउडवरच्या आणि सर्व्हरवरच्याही १८ टक्क्यांचं क्रेडिट तुम्हाला मिळतं. तेव्हा ३ लाख ४० नव्हे, २ लाख ८८ धरा.

दोन, १४ लाख पाच महिन्यांत वसूल होत नाहीत, कारण ते एकदाच द्यायचे पैसे आहेत आणि बाकीचं दर महिन्याला चालूच राहणार. पाच वर्षांचं आयुष्य धरलं तर मशीनचे महिन्याला २३ हजार. (आयकरात संगणकाला ४० टक्के घसारा मिळतो, तो वेगळा फायदा.) आता तुम्ही पुढच्या ओळी भरून द्या: वीज, इंटरनेट, बॅटऱ्या, वॉरंटीनंतरची देखभाल, बाहेरची बॅकअप प्रत, माणूस. प्रत्येक ओळीला कोटेशन मागवा, अंदाज नको.

भरती-ओहोटी | बुधवार, दुपारी १२:१५

यात डॉलरही धरा. ॲमेझॉनचं मुंबई रिजन २०१६च्या जूनमध्ये सुरू झालं तेव्हा डॉलर ६७च्या आसपास होता, २०२२मध्ये त्याने ८० ओलांडले. दर डॉलरमध्ये ठरतात, बिल रुपयांत येवो न येवो. काहीही न वापरता बिल वाढतं.

पार्ले पूर्व | बुधवार, दुपारी १२:४०

नेमकं. सर्व्हर एकदा घेतला की रुपया कुठेही जाऊ दे.

हिशेबनीस | बुधवार, दुपारी १:००

पहिल्या खरेदीपुरतं खरं. सहाव्या वर्षी नवा घ्याल तेव्हा तोही आयातच असतो.

नाईट शिफ्ट | बुधवार, रात्री १०:३०

अवांतर होतंय पण विचारतो. १२ ऑक्टोबर २०२०, मुंबईची वीज गेली तो सोमवार. स्वतःचे सर्व्हर असणाऱ्यांनी काय केलं?

पार्ले पूर्व | बुधवार, रात्री ११:१०

सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. सकाळी दहाच्या सुमारास गेली. लोकल जागच्या जागी. मी घरी, ऑफिसात एकटा वॉचमन. यूपीएस चाळीस मिनिटांचा. मी मोबाइलच्या नेटवरून आत शिरून एकेक व्हर्च्युअल मशीन नीट बंद केलं, शेवटचं केलं तेव्हा बॅटरी ९ टक्के होती. ग्राहकांना मेसेज टाकला की वीज आली की सुरू होईल. त्यांचीही वीज गेलेली, त्यामुळे कोणी रागावलं नाही. पण आमचे ग्राहक मुंबईतलेच होते म्हणून निभावलं. पुण्याचा एक जरी असता तर त्याला काय सांगणार होतो? त्यानंतर एक सर्व्हर पुण्याला मित्राच्या ऑफिसात ठेवलाय, रोज रात्री तिथे प्रत जाते. तो खर्च माझ्या पहिल्या हिशेबात नव्हता, हे खरं.

वडाळ्याची | बुधवार, रात्री ११:३०

दादा, हे सांगितलंत ते फार बरं केलंत.

क्लाउडवालेही पडतात बरं. २०२५च्या २० ऑक्टोबरला ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या रिजनमध्ये डीएनएसच्या (कोणतं नाव कोणत्या मशीनवर न्यायचं ते सांगणारी यादी) नोंदीत गडबड झाली आणि जगभरातली किती ॲप्स तासन् तास बंद होती. आणि डेटा सेंटर जळतातही. २०२१च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीची अख्खी इमारत जळाली. ज्यांची बॅकअप प्रतही त्याच इमारतीत होती त्यांचं सगळं गेलं. कुणाचंही घर घ्या, दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली हवी.

नवा पाहुणा | गुरुवार, सकाळी ७:५५

विद्यार्थी आहे, चूकभूल द्यावीघ्यावी. कोणत्या कामाला क्लाउड आणि कोणत्या कामाला स्वतःचं, याचा काही ठोकताळा आहे का?

जुना खेळाडू | गुरुवार, सकाळी ८:४०

बाळा, घरातल्या लग्नासाठी आपण हॉल भाड्याने घेतो, दोन दिवसांच्या कार्यासाठी कोणी हॉल विकत घेत नाही. पण रोजचा सात माणसांचा स्वयंपाक कोणी केटररकडून मागवत नाही. निकालाच्या दिवशी एकदम लाखो मुलं साइटवर येतात, ते लग्न. बारा महिने एकसारखं चालणारं काम, तो रोजचा स्वयंपाक. यांची सेंटरं रोज साधारण तेवढेच एक्स-रे काढतात. म्हणून यांच्या सरांचा विचार मुळात चुकीचा नाही, हेही मी सांगतो. फक्त स्वयंपाकघर नीट बांधायला हवं.

रेडिओ सिलोन | गुरुवार, दुपारी ४:२०

पेशंटचा डेटा आहे म्हणून दोन गोष्टी. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, मशीन कोणाचंही असो, मुख्य जबाबदारी सेंटरांची, आणि त्यांच्या वतीने डेटा तुम्ही सांभाळता. आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे. क्लाउडवर ते लॉग ठेवायला बटण असतं. स्वतःच्या खोलीत ते तुम्हाला बसवावं लागेल. आणि त्या खोलीची किल्ली कोणाकडे, आत कोण गेलं, याची वही ठेवा.

गाळा नंबर नऊ | रविवार, रात्री १०:०५

मंडळी, आठवडाभर कोटेशनं मागवली. हिशेबनीसांनी सांगितल्याप्रमाणे ओळी भरतो, सगळं महिन्याचं:

मशीनचे २३ हजार. सर्व्हर, स्टोरेज, स्विच मिळून ९०० वॉट, म्हणजे दिवसाला साडेएकवीस युनिट. एसी धरून दीडपट केलं, आमच्या गाळ्याला सगळे आकार मिळून युनिट १३च्या आसपास पडतं, म्हणून १३ हजार. दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाइन, स्टॅटिक आयपीसकट, २५ हजार. देखभाल करार ८ हजार. बॅटऱ्या चार वर्षांनी बदलायच्या धरून ३ हजार. बाहेरची बॅकअप प्रत ५ हजार. माणूस, आमच्यातल्याच एकाचा अर्धा वेळ आणि रात्रीचा भत्ता, ४५ हजार. बेरीज १ लाख २२ हजार. आणि पार्लेदादांच्या अनुभवानंतर दुसरा सर्व्हर कोलोत ठेवायचं म्हटलं तर आणखी ४० हजार. १ लाख ६२.

क्लाउडच्या बाजूला: एंडपॉइंटने १५ हजार वाचले. टेस्टिंग रात्री बंद, २२ हजार. बेवारस डिस्क आणि स्नॅपशॉट काढले (त्यात २०२२मध्ये सोडून गेलेल्या मुलाच्या प्रयोगाच्या सात डिस्क सापडल्या), ११ हजार. तीन महिन्यांपेक्षा जुन्या इमेजेस सहसा कोणी उघडत नाही, त्या स्वस्त थरात टाकल्या, १४ हजार. उरलेल्या सर्व्हरवर एक वर्षाचा वापराचा करार केला तर १८ हजार. नवं बिल २ लाख ८ हजार, डेटाबेसला हात न लावता.

गेल्या सोमवारी मी २ लाख ८८ आणि २३ हजार अशी तुलना बघत होतो. आज २ लाख ८ आणि १ लाख ६२ आहे. स्वतःचं अजूनही स्वस्तच आहे, महिन्याला ४६ हजारांनी. त्या ४६ हजारांसाठी डोंबिवलीहून पहाटे धावायचं का, हा प्रश्न आता सरांसमोर नीट मांडता येईल.

नाईट शिफ्ट | रविवार, रात्री १०:४०

तीन वर्षांचा करार करू नका, सवलत कितीही दिसली तरी. एकच वर्ष. पुढच्या वर्षी निर्णय बदलायचा हक्क स्वतःकडे ठेवा. आणि जायचं ठरलंच तर १८ टीबी बाहेर काढायचे दीड लाखाच्या वर होतील, पण पूर्ण खातं सोडून जाणाऱ्यांना २०२४पासून गूगल, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट तिघेही तो आकार माफ करतात. आधी अर्ज करावा लागतो. डेटा हलवायला सुरुवात करण्यापूर्वी विचारा.

पार्ले पूर्व | रविवार, रात्री ११:००

४६ हजार महिन्याला म्हणजे वर्षाला साडेपाच लाख. एक चांगला ज्युनिअर होतो. मी अजूनही माझ्या मतावर आहे. पण तुमचा तक्ता मी जपून ठेवतोय, माझा मी असा कधी मांडलाच नव्हता.

गाळा नंबर नऊ | पाच आठवड्यांनी, शनिवार, संध्याकाळी ७:१५

धागा वर काढतोय, कारण इतक्या जणांनी वेळ दिला तर शेवट कळवायला हवा.

सरांनी तक्ता दोनदा वाचला. मग विचारलं, "म्हणजे खोली रिकामीच?" शेवटी असं ठरलं: पेशंट आणि डॉक्टर ज्यावर थांबून असतात ते सगळं क्लाउडवरच, एक वर्षाच्या करारावर. एक सर्व्हर घेतला, ऑफिसात. त्यावर टेस्टिंग, आणि रोज रात्री डेटाबेसची आणि नव्या इमेजेसची प्रत. नव्या ५०० जीबीला बाहेर येण्याचे महिन्याला पाच हजारांच्या आत पडतात. तो सर्व्हर पहाटे बंद पडला तर सकाळी नऊ-दहापर्यंत कोणाचं काही अडत नाही. रॅकवाला यांच्याकडे ऐरोलीला जाऊन आलो, पुढच्या वर्षी करार संपताना कोलोचा विचार पुन्हा करू.

गेल्या रविवारी क्लाउडला हात न लावता, फक्त ऑफिसच्या प्रतीवरून सगळं उभं करून बघितलं. ४ तास २० मिनिटं लागली. सगळं आलं, फक्त मुलुंडच्या एका सेंटरच्या इमेजेस आल्या नाहीत. त्यांच्या फोल्डरच्या नावात स्पेस होती आणि आमची स्क्रिप्ट ती गिळत होती. कॉपीच्या रिपोर्टमध्ये रोज हिरवी खूण येत होती. ते सेंटर एका डॉक्टर बाईंनी एकटीने उभं केलंय, पंधरा वर्षांची मेहनत आहे. स्क्रिप्ट त्याच रात्री दुरुस्त केली, सोमवारी त्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे करायचं ठरलंय.

वडाळ्याची | शनिवार, संध्याकाळी ७:४०

फोन केलात ते सगळ्यात आवडलं.

जुना खेळाडू | शनिवार, रात्री ८:१०

बॅटऱ्या कुठे ठेवल्यात?

गाळा नंबर नऊ | शनिवार, रात्री ८:२५

लोखंडी स्टँडवर, काका, जमिनीपासून दोन फूट. गाळा दुसऱ्या मजल्यावर आहे त्यामुळे खालून पाण्याची भीती नाही. पण तुमचं वाचल्यावर मी मान वर करून बघितलं, तर वरच्या गाळ्याच्या बाथरूमची पाइप बरोबर त्या खोलीच्या छतातून जाते आणि सांध्याला ओल आहे. सर्व्हर सध्या समोरच्या भिंतीला हलवलाय. सोमवारी प्लंबर येतोय.